बेळगावात छोट्या टू-स्ट्रोक गाड्यांच्या क्लब शर्यती सुरू कराव्यात का?

भुईकोट

बेळगाव, खानापूर, निपाणी आणि पलीकडचं चंदगड-गडहिंग्लज, या पट्ट्यात छोट्या टू-स्ट्रोक गाड्यांचं वेड काही उतरत नाही. यामाहाच्या आरएक्स १०० चं उत्पादन १९९६ साली थांबलं. त्यानंतर जन्मलेली पोरं आज तीच गाडी लाखाच्या वर मोजून घेतात. घेतल्यावर पळवायची कुठं? गोव्याकडं उतरणाऱ्या चोर्ला घाटाच्या रस्त्यावर, नाहीतर हायवेच्या सर्व्हिस रोडला. समोरून गोव्याची बस, कडेला गुरं, वळणावर ओला पाला. रस्त्यावर शर्यत लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्यांदा सापडला तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड. पोरांना हे सगळं पाठ आहे, तरी जातात.

म्हणून माझं म्हणणं असं, की रीतसर क्लब काढावा. महिन्यातून एक रविवार, जानेवारी ते मे, एखाद्या बंद माळावर मातीचा ट्रॅक आखून. गाड्यांचा एकच वर्ग, शंभर सीसी टू-स्ट्रोक. रोख बक्षीस नाही.

हे काही अचाट नाही. ब्रिटनमध्ये बीएसए बँटम ही १९४८ ते १९७१ या काळात निघालेली साधी टू-स्ट्रोक. तारा पोचवणारी पोरं जिच्यावरून फिरायची, ती गाडी. तीच घेऊन हौशी लोक कित्येक दशकं क्लबच्या शर्यतींत उतरत आलेत. बँटम मुळात जर्मन डीकेडब्ल्यू आरटी १२५ ची नक्कल, आणि यामाहाची १९५५ ची पहिली गाडी वायए-१ सुद्धा त्याच गाडीवर बेतलेली. म्हणजे आमची आरएक्स आणि त्यांची बँटम एकाच गोत्रातल्या. शिवाय यामाहानं ती पहिली गाडी बाजारात आणली त्याच वर्षी फुजी डोंगराच्या चढाच्या शर्यतीत उतरवली आणि जिंकली. या गाड्यांचं कूळच शर्यतीचं आहे.

विरोध असणार हे धरून चाललोय. बोला.

स्टॉक_सायलेन्सर

मी पहिला विरोधक. गाडी शर्यतीत उतरवायची ठरली की पहिला घाव सिलिंडरवर पडतो. पोर्ट, म्हणजे सिलिंडरची भोकं, घासले जातात, हेड लेथवर तासलं जातं, ऑइल पंप काढून फेकला जातो, मूळ सायलेन्सर भंगारात. आरएक्सचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ५० मिमी, स्ट्रोकही (पिस्टनची धाव) ५० मिमी, म्हणजे ९८ सीसी. इंजिन एकदा जाम झालं की बोअर वाढवून एक माप मोठा पिस्टन घालायचा, म्हणजे एक ओव्हरसाइज संपला. १ मिमीपर्यंत गेलात की गोष्ट जवळपास तिथंच थांबते. शर्यतीतलं इंजिन असं किती हंगाम काढणार?

नवीन गाड्या येणार नाहीत. धड राहिलेल्या आहेत तेवढ्याच. मैसूरचा जावा-येझदीचा कारखानाही त्याच १९९६ सालात बंद पडला. त्या गाड्या आधी कुणी विचारत नव्हतं, तेव्हा लोकांनी कापून उसाच्या रसाच्या गाड्यांना इंजिनं लावली. आता मडगार्ड शोधत महाराष्ट्रभर फिरतात.

शर्यतच पाहिजे ना? स्प्लेंडर घ्या. ९७ सीसी, फोर-स्ट्रोक, पार्ट कुठल्याही गावात मिळतात, पडली तर कुणाला रडू येणार नाही. आरएक्सच कशाला?

उद्यमबागी

सायलेन्सर साहेब, तुमची कळकळ समजते. खरं एक सांगतो, बोअर संपला म्हणजे सिलिंडर मेला असं नसतंय. आतला लायनर, म्हणजे पिस्टन फिरतोय ती नळी, काढून नवा घालता येतोय. हे काम बेळगावात नाही होणार तर कुठं होणार? उद्यमबाग, मच्छे इथं फाउंड्री आणि लेथवरच गाव जगलंय. क्रँक उघडून कनेक्टिंग रॉड बदलून, डायलवर फिरवून सरळ आहे का ते टॅली करणारे हात अजून हायत. त्यातले बरेच साठीच्या पुढचे, हे मात्र खरं. त्यांच्याजवळ बसून शिकणारी पोरं पाहिजेत, आणि पोरगं शर्यतीच्या नावानं जेवढ्या लवकर येतंय तेवढं पगाराच्या नावानं येत नाही.

स्प्लेंडरचं विचारलात. स्प्लेंडरमध्ये पोराला करण्यासारखं काय हाय? व्हॉल्व्ह, कॅम, टायमिंग चेन, सगळं झाकलेलं. टू-स्ट्रोकमध्ये व्हॉल्व्ह नाही, कॅम नाही. सिलिंडरला भोकं, आणि पिस्टनच ती उघडतंय-झाकतंय. कानशीनं अर्धा मिलिमीटर वर गेलास की गाडीचा स्वभाव बदलला. चुकलास तर तेही लगेच कळतंय.

आणि सायलेन्सर. लोकांना वाटतंय तो आवाजासाठी. पत्र्याचे शंकू वेल्ड करून मधे फुगीर, शेवटी निमुळता असा जो करतात, त्यात धुराची लाट पुढं जाऊन शेवटच्या शंकूवर आपटून परत येते, आणि एक्झॉस्टमधून निसटत असलेला ताजा चार्ज, म्हणजे न जळलेलं पेट्रोल-हवेचं मिश्रण, पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. हे सगळ्या आरपीएमला होत नाही. लाट वेळेवर आली की गाडी एकदम उठते. खाली मात्र मेल्यागत. हे शास्त्र पूर्व जर्मनीत एमझेड या मोटरसायकल कंपनीच्या वाल्टर काडेननं पिकवलं. त्याचा रायडर अर्न्स्ट डेग्नर १९६१ साली पळून सुझुकीकडं गेला आणि विद्या बरोबर नेली. पुढच्याच वर्षी सुझुकी ५० सीसीत जगज्जेती. एवढी मोठी चोरी, आणि ती सगळी एका वाकड्या पाइपासाठी!

पोरांना मी आधी प्लग वाचायला शिकवतो. फुल थ्रॉटलवर सरळ पट्टा काढायचा, शेवटी एकदम इग्निशन बंद आणि क्लच दाबायचा, तशीच घरंगळत आणून प्लग काढायचा. पोर्सिलिन बदामी दिसलं तर बरोबर. काळं ओलं असलं तर मेन जेट, म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं भोक, जास्तच मोठा झालाय. पांढरं फटक असलं तर त्या गाडीला पुन्हा सोडायचंच नाही, पेट्रोल कमी पडतंय आणि पुढच्या फेरीत पिस्टन चिकटणार. मागचं चाक जागेवर लॉक. हे रस्त्यावर झालं की काय होतंय ते वेगळं सांगायला नको. म्हणून माळ पाहिजे.

मसूरवाला

सगळे माळ-माळ करताय. जानेवारी ते मे तो मोकळा असतो हे कुणी ठरवलं? आमच्या शिवारात भात निघालं की त्याच ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा पडतो. ते निघायला फेब्रुवारी-मार्च. जो खरा माळ आहे तिथं गावची गुरं चरतात. वर्षाला पाच रविवार गाड्या फिरवून तो तुम्ही रस्त्यासारखा घट्ट करणार, पहिल्या पावसात पाणी मुरायचं सोडून वाहून खालच्या बांधावर येणार. बांध कुणाचा? आमचा.

आणि आवाज. तुम्हाला तो संगीत वाटतो, कबूल. आमच्या गोठ्यातली म्हैस त्या दिवशी पान्हा सोडत नाही.

रात्रपाळी

मी एका हॉस्पिटलमध्ये अपघात विभागात काम करते. उद्यमबागी काकांनी प्लगचं छान सांगितलंत, पण मला पोराचं सांगायचंय.

शनिवारी रात्री आणि रविवारी सकाळी जे येतात त्यांचं ठरलेलं असतं. गळ्याचं हाड, मनगट, आणि हेल्मेट असलं तरी अर्ध्या तोंडाचं, म्हणजे हनुवटी गेलेली. बऱ्याचदा मागं बसलेल्याला जास्त लागलेलं असतं, आणि त्याला विचारलं तर तो फक्त "बघायला" गेलेला. मातीच्या ट्रॅकवर पडणं आणि डिव्हायडरवर आपटणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे मी मान्य करते. त्यासाठी तरी भुईकोटांच्या बाजूनं बोलावंसं वाटतं.

पण तुमच्या पहिल्या पोस्टमध्ये ट्रॅक आहे, वर्ग आहे, बक्षिसाचंही आहे. अ‍ॅम्ब्युलन्स नाही, डॉक्टर नाही, प्रेक्षकांना किती लांब उभं करणार ते नाही. आपल्याकडं प्रेक्षक वळणाच्या बाहेरच्या अंगालाच उभे राहतात, जिथं गाडी सुटून जाते बरोबर तिथं. मोबाइल वर धरून. आणि वय? रस्त्यावर सोळा वर्षांचं पोरगं सापडलं तर कलम १९९ए खाली पालकाला २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तुमच्या माळावर त्याला कोण अडवणार? त्याचा काकाच क्लबात असणार.

निपाणीकर

रोख बक्षीस नाही म्हणजे गर्दी नाही, गर्दी नाही म्हणजे स्पॉन्सर नाही, मग अ‍ॅम्ब्युलन्सचे पैसे ताई तुम्ही देणार काय? चिडू नका, हिशेब सांगतोय.

आमच्याकडं बैलगाडी शर्यती बघा. बंद होत्या, कोर्टकचेऱ्या झाल्या, मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कर्नाटक, महाराष्ट्र, तमिळनाडू तिन्ही राज्यांचे कायदे वैध ठरवले आणि आता पुन्हा माणूस मावत नाही. का? बक्षीस. ढाल, बुलेट, ट्रॅक्टर. लोकांना ईर्षा पाहिजे. मोटरसायकलची शर्यत यात्रेत लावा, पहिला नंबर एक लाख, बघा कोल्हापूरपासून गाड्या येतात की नाही.

भुईकोट

निपाणीकर, तुम्ही म्हणता तेच मला नकोय. लाखाचं बक्षीस लावलं की कोल्हापूरहून तयार रायडर येणार, दोन लाखांचं इंजिन आणणार, जिंकून संध्याकाळी घरी. आमचं उद्यमबागचं पोरगं एकदा हरेल, दोनदा हरेल, आणि तिसऱ्यांदा चोर्ल्यावर जाईल. हौशी शर्यत म्हणजे ज्यात हरणारा पुढच्या महिन्यात परत येतो.

खर्चाला लगाम घालायला एक नियम सुचवतो. अमेरिकेत छोट्या मातीच्या ट्रॅकवर गाड्यांच्या शर्यतीत तो चालतो. जिंकणाऱ्याचं इंजिन आधी ठरवलेल्या किमतीला कुणीही स्पर्धक मागू शकतो, आणि ते द्यावंच लागतं. मग कोण कशाला त्यात लाखभर घालेल?

रात्रपाळी ताई, तुमचं सगळं मान्य. अ‍ॅम्ब्युलन्स आली नाही तर झेंडा पडणार नाही. पूर्ण तोंडाचं हेल्मेट, गुडघा-कोपर गार्ड, अठरा पूर्ण, आधार कार्ड बघून. प्रेक्षक फक्त वळणाच्या आतल्या अंगाला.

चंदगडी पाहुणा

भुईकोटराव, इंजिन मागायचा नियम अमेरिकेत ठीक. आमच्याकडं एकानं दुसऱ्याचं इंजिन मागितलं तर त्याच संध्याकाळी दोन गावांची सोयरीक तुटेल. आणि देणारा तरी सरळ देईल होय? रिंगा काढून देईल.

त्यापेक्षा सोपं सांगतो. कार्बोरेटर मूळचाच, एवढा एकच नियम ठेवा. आत काय पाहिजे ते घासा, हवा-पेट्रोल आत जायचं तोंड तेवढंच राहणार. तपासायला मापाचा व्हर्निअर पुरे.

स्टॉक_सायलेन्सर

चंदगडी पाहुण्यांचा नियम या धाग्यातली पहिली कामाची गोष्ट.

भुईकोट, तुम्हाला एक आडवा प्रश्न. देशात मोटार क्रीडा महासंघ आहे, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला १९९० पासून रीतसर ट्रॅक आहे, कोइमतूरला करी स्पीडवे आहे. तिथं लायसन्स काढून, मार्शल-डॉक्टरांच्या देखरेखीखाली पळवता येतं. ते सोडून माळ का?

उद्यमबागी

साहेब, चेन्नई इथनं साडेआठशे किलोमीटरच्या आसपास. टेंपो, डिझेल, टायर, राहणं. फाउंड्रीत शिफ्ट करणाऱ्या पोराचा महिन्याचा पगार एका शर्यतीत संपतोय. लायसन्स, परवानगी सगळं रीतसर करूया की, त्याला कोण नको म्हणतंय? डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसला अर्ज कन्नडमध्ये लागला तर माझा पार्टनरच लिहून देतोय, त्याच्याकडंबी दोन सुझुकी सामुराई हायत, त्याबी टू-स्ट्रोकच. खरं ट्रॅक जवळ पाहिजे.

स्टॉक_सायलेन्सर

ठीक. मग माझी एक अट. ज्या गाडीची कागदपत्रं जिवंत आहेत ती शर्यतीत नको. आरसी मेलेली, फ्रेम वाकलेली, भंगारातून उचललेली अशीच गाडी चालेल. तिला शर्यतीनं जीव मिळतो, आणि चांगल्या गाड्या वाचतात. अशा गाड्या रस्त्यावरनं चालवत आणायच्या नाहीत, टेंपोत घालून आणायच्या. हे लिहून देत असाल तर मी ऑइलची बाजू बघतो. एरंडेलवालं ऑइल आणणार, वासासाठी. एवढी चैन करू द्या.

निपाणीकर

भंगार गाड्यांची शर्यत बघायला कोण येणार?

रात्रपाळी

कुणी न आलेलंच बरं.

मसूरवाला

तुमचं आपापसांत जमलेलं दिसतंय. माळ अजून आमच्याच गावचा आहे. ग्रामपंचायतीत ठराव आधी, बाकी नंतर. दुपारी बाराच्या आत आटपायचं, बांधाकडच्या बाजूला चर खोदून द्यायचा, आणि शर्यत झाली की माळ नांगरून द्यायचा, ट्रॅक्टर तुमचा. एसएसएलसीची, म्हणजे दहावीची, परीक्षा संपेपर्यंत विषय काढायचा नाही. मेमध्ये वळीव पडला की चाकं रुतणार. राहिला एप्रिल, त्यात आमची यात्रा.

भुईकोट

यात्रेनंतरचा रविवार चालेल का?

मसूरवाला

पंचांना विचारतो. चराचं मात्र पक्कं धरा.