प्रमाणपत्र हातात असूनही वाक्य कापलं. चुकलं का माझं?

बार्शीचा मास्तर
शाळेतल्या मुलांना घेऊन दरवर्षी एकांकिका बसवतो. यंदाच्या संहितेत सगुणा जत्रेत देवीपुढे उभी राहून म्हणते, "आई, तुला दरसाल नवं मखर, आमच्या पोरींच्या शाळेला संडास नाही." सरकारच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे संहिता रीतसर तपासणीला पाठवलेली. प्रमाणपत्र आलं, एकही काट नाही. प्रयोगाच्या आदल्या संध्याकाळी सभागृहाच्या व्यवस्थापकांचा फोन: "लोकांच्या भावना दुखावतील म्हणतायत. वाक्य काढा, नाहीतर काही झालं तर जबाबदारी तुमची, असं स्टँपपेपरवर लिहून द्या." सगुणा करणारी पोरगी दहावीतली. मी वाक्य काढलं. दोन महिन्यांच्या तालमीची सवय, ती त्या जागी अडखळलीच. मग सेन्सॉर करून घ्यायचं तरी कशाला?

काळा कोट
मास्तर, प्रमाणपत्र म्हणजे सरकारची हरकत नाही, एवढंच. (ही पूर्वतपासणीच नको म्हणून अमोल पालेकरांनी 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली होती.) पण कायदा तुमच्या बाजूचा आहे. घटनेच्या कलम 19(2) मध्ये अभिव्यक्तीवरच्या निर्बंधांची कारणं मोजून दिलीत: सार्वभौमत्व, सुरक्षा, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता-नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी, गुन्ह्याला चिथावणी. त्यात 'भावना' शोधून दाखवा. धार्मिक भावनांचं कलम दंडसंहितेत 295अ होतं, आता न्याय संहितेत 299. तिथंही जाणूनबुजून, दुष्ट हेतूनं केलेला अपमान लागतो. संडास मागणं त्यात कोण बसवणार? आणि 1989 चा रंगराजन निकाल वाचा. आरक्षणावरच्या तमिळ चित्रपटाचा वाद. निदर्शनांच्या धमकीपुढे अभिव्यक्ती दाबता येत नाही, जमाव आवरत नाही ही सबब सरकारला चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं बजावलंय.

विंगेतला
वकीलसाहेब, निकाल दिल्लीत, सभागृहाची किल्ली मात्र व्यवस्थापकाच्या खिशात. चाळीस वर्षं पडदा ओढतोय, म्हणून सांगतो. मास्तर, पुढच्या खेपेला आठ दिवस आधी प्रमाणपत्राची प्रत जोडून पोलीस ठाण्यात अर्ज टाका आणि शिक्क्याची पोच घ्या. ती पोच दाखवली की निम्मे फोन गप्प होतात. अन् रागावू नका, पण पोरांच्या तोंडी असं वाक्य घालताना पालकांना आधी सांगायला हवं होतं. आपण लिहून मोकळे. रस्त्यात गाठतात ते पोरीला.

श्टुटगार्टची वहिनी
इथं जर्मनीत घटनेच्या कलम 5 मध्ये पाच शब्दांत लिहून ठेवलंय की सेन्सॉरशिप होणार नाही. तरी ज्यूंचा वंशसंहार झालाच नाही असं जाहीरपणे म्हणालात, तर इथल्या दंडसंहितेच्या कलम 130 खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे आधी तपासत नाहीत, नंतर जाब विचारतात. आपल्याकडे नाटकवाल्याला आधी तपासणी, वर नंतर खटल्याची टांगती तलवार. आणि मधल्या मध्ये हा व्यवस्थापकाचा फोन, तो तर कुठल्याच कलमात नाही!

बार्शीचा मास्तर
विंगेतले काका, पालकांचं म्हणणं पटलं. काल पोरीच्या घरी जाऊन आलो. वडील म्हणाले, "गुरुजी, वाक्य खरंच आहे, पण सराव परीक्षा होऊ द्या." ती आतून ओरडली, "मला पाठ आहे अजून!" पुढचा प्रयोग फेब्रुवारीत. अर्ज उद्याच टाकतो. पोच मिळाली की इथं कळवतो.