मॉरिस मायनरला इंडिकेटर बसवायचेत, पण बॉडीला भोक नको

गिरगावकर:
आजोबांची १९५५ची मॉरिस मायनर आहे, चालू कंडिशन. हिला इंडिकेटर म्हणजे दरवाजाच्या खांबातून बाहेर येणारी ती दांडी, ट्रॅफिकेटर, दोन्ही बाजूच्या मस्त चालतात. पण ऑपेरा हाऊसला डावीकडे वळताना ती दांडी बघतंय कोण, मागचा बाइकवाला बरोबर त्याच बाजूने घुसतो. मागेपुढे पिवळे ब्लिंक होणारे लाइट हवेत, भोक न पाडता आणि ट्रॅफिकेटर न काढता. आमचा वायरमन म्हणतो रिक्षाचा फ्लॅशर (लाइट चालू-बंद करणारी डबी) टाकतो, अर्ध्या तासाचं काम. टाकू देऊ का?

परळचे काका:
थांब रे बाबा, आधी बॅटरी बघ. ही गाडी कंपनीतून पॉझिटिव्ह अर्थ यायची, म्हणजे प्लस बॉडीला, मधे कोणी बदललं असेल तर गोष्ट वेगळी. हल्लीचे इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर आणि एलईडी उलटे लागले की चालत नाहीत, उडतात पण. साधा बल्ब आणि जुना दोन पिनचा थर्मल फ्लॅशर (आत तापून चालू-बंद होणारा), यांना प्लस-मायनसचं काही पडलेलं नसतं. फक्त थर्मलला लोड लागतो. एका बाजूला २१ वॉटचे दोन बल्ब म्हणजे १२ व्होल्टला साडेतीन अँपिअर, तेवढा करंट गेला तरच तो नीट तापतो. बाइकचे १० वॉटवाले लावलेस तर रडतखडत ब्लिंक होणार नाहीतर नुसता पेटून राहणार.

सोल्डरवाला:
काकांशी सहमत. आणि वायरमनला सांगा फ्लॅशर स्विचच्या आधी टाकू नकोस, नाहीतर प्रत्येक ब्लिंकला दांडी पण कोंबडीच्या पंखासारखी फडफडेल. दांडीची वायर आहे तशी ठेवा, तिच्यावरून टॅप (जोडवायर) घेऊन रिलेच्या (थोड्या करंटने चालणारा स्विच, आकडे त्याच्या पिनांचे) ८६ला, ८५ बॉडीला, दोन बाजूंना दोन रिले. मग वेगळ्या फ्यूजवरून लाइन फ्लॅशरला, तिथून दोन्ही रिलेच्या ३०ला आणि ८७वरून दिवे. आत डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा पार्ट) असलेला रिले घेऊ नका, उलटा लागला की सरळ शॉर्ट. दिवे बंपरच्याच बोल्टमध्ये एल पट्टी अडकवून लावा, पण अर्थची वायर वेगळी ओढा, बंपरच्या गंजावर भरवसा ठेवला तर पहिल्याच पावसात बोंब.

माझगावकर:
मागच्या ब्रेकलाइटलाच ब्लिंक करायला लावतात काही जण, ते नको. लाल ब्लिंक आणि ब्रेक एकाच बल्बात, ब्रेक दाबून वळलास की मागच्याला काही कळत नाही. आणि भोक नको म्हणतोस ते बरोबरच, २०२१च्या नियमाने ५० वर्षांवरची गाडी विंटेज म्हणून रजिस्टर होते, पण बॉडी-चासिस-इंजिनात मोठे बदल नकोत. बोल्टवरचे दिवे कधीही उतरवता येतात.

गिरगावकर:
मीटर लावला, प्लसच बॉडीला आहे. रिक्षावाला प्लॅन कॅन्सल. थर्मल फ्लॅशर अजून मिळतो का कुठे?

परळचे काका:
कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुन्या स्पेअरवाल्यांकडे विचार. नुसता फ्लॅशर मागितलास तर इलेक्ट्रॉनिकच हातात देतील, थर्मल पाहिजे म्हणून सांग, आणि बल्ब सोबत ने, दुकानातच लावून बघ.