ताईला तेव्हा अर्धंच सांगितलं होतं, आता एचआयव्हीचं कसं सांगू?

नमस्कार. मी ५२ वर्षांचा, गे आहे. २००२ साली एचआयव्ही असल्याचं कळलं, तेव्हा चाळिशी गाठीन असंही वाटत नव्हतं. म्हातारपणाची तयारी कसली करणार! आता पुढच्या महिन्यात खुब्याचं ऑपरेशन आहे आणि नंतर दीड महिना मोठी बहीण माझ्याकडे राहायला येते म्हणतेय.

मी गे आहे हे तिला २०११ मध्ये सांगितलं. बराच वेळ ती गप्प होती. मग माझ्या दंडावर हात ठेवून म्हणाली, "काळजी घेतोस ना रे?" मी म्हटलं, "हो, घेतो." तेव्हा रिपोर्ट हातात पडून नऊ वर्षं झाली होती. ते वाक्य अजून घशात अडकलंय. माझं गे असणं तिने मोठ्या कष्टाने पचवलं. आता हे कळल्यावर तिच्या मनात दोन्ही गोष्टी एकच होतील आणि तेव्हा मिळालेलंही हातचं जाईल, याची मला खरी भीती आहे.

तब्येत तशी बरी आहे. सुरुवातीची वर्षं स्टॅव्हुडिन या एचआयव्हीच्या जुन्या औषधावर गेली, त्यात गाल बसले, आणि तळपायाच्या मुंग्या अजूनही आहेत. हल्ली डॉल्युटेग्राविर हे एचआयव्हीचं औषध असलेली एकच गोळी रोज घेतो. बारा वर्षं व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, तपासणीत सापडत नाही. सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघांनाही सगळं माहीत आहे.

अडचण घरातली आहे. औषधाची बाटली आणली की आधी लेबल नखाने खरवडायचं, ही इतक्या वर्षांची सवय. कागद निघतो, डिंकाचा पट्टा राहतो आणि त्यावर धूळ बसून तो काळा पडतो. ऑपरेशननंतर कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या सुरू होतील. रिकाम्या पोटी त्या डॉल्युटेग्राविरसोबत घेतल्या तर औषध अंगात नीट शोषलं जात नाही. एक तर सगळं जेवणासोबत घ्यायचं, नाहीतर डॉल्युटेग्राविर त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. गोळ्या हातात देणार ताई. त्या बिनलेबलच्या बाटलीबद्दल तिला काय सांगू? आणखी एक खोटं आता बोलवत नाही.

माझ्यापासून कुणाला धोका नाही हे मी समजावू शकेन. 'पार्टनर' अभ्यासाचे २०१९ मध्ये आलेले निकाल मला पाठ आहेत: ७८२ समलिंगी जोडपी, एकजण पॉझिटिव्ह पण उपचारांनी व्हायरल लोड दबलेला, संबंध कंडोमशिवाय, तरी जोडीदाराकडून एकालाही लागण नाही. पण ताई आकडे विचारणार नाही. ती विचारेल, "मला का नाही सांगितलंस?"

घरच्यांना खूप उशिरा सांगितलेल्यांनी कृपया लिहा. एकट्याने सांगितलंत की समुपदेशकाला सोबत घेतलंत? मला वाटतं ती निघण्याआधीच सांगावं, म्हणजे न येण्याची मोकळीक तिला राहील. पण असं फोनवर सांगावं का? आणि सांगितल्यावर कुणाचं भावंड दुरावलं असेल, तर तेही लिहा. मला मनाची तयारी ठेवायची आहे.