फर्लोची (बिनपगारी तात्पुरत्या कपातीची) नोटीस आलीये, करारावर होकार द्यावा की नकार?

उजवी_सीट:
अमेरिकेतल्या एका विमान कंपनीत फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक) आहे, सव्वादोन वर्षं झाली. सीनियॉरिटी यादीत माझ्याखाली चाळीसच जण उरलेत, आणि कपात खालून होते. मागच्या मंगळवारी वॉर्न कायद्याची, म्हणजे मोठ्या कपातीआधी द्यावी लागणारी, 60 दिवसांची नोटीस आली. महिन्याच्या किमान हमी तासांत (उड्डाण कमी झालं तरी ज्यांचा पगार मिळतो) सगळ्या पायलटांनी कपात सोसली तर फर्लो टळेल, असं कंपनी म्हणते. युनियननं त्यावर मतदान ठेवलंय. वरचे कॅप्टन म्हणतात, करारातलं एकदा सोडलं की परत मिळत नाही. त्यांचं खोटं म्हणवत नाही, पण बायकोला सातवा महिना आहे. आपल्याला संप करता येत नाही का?

जुना_कॅप्टन:
नाही रे. आपल्याला रेल्वे लेबर अ‍ॅक्ट लागतो, 1926 चा, विमान कंपन्यांना 1936 पासून. असलेल्या कराराच्या अर्थावरचा वाद लवादाकडे जातो, त्यावर संप नाही. नव्या करारासाठीही सरकारी मध्यस्थी मंडळानं वाटाघाटीतून मोकळं केल्यावर 30 दिवस थांबावं लागतं. तुझे 60 दिवस त्याआधीच संपतील.

मी 2001 च्या सप्टेंबरनंतर फर्लोवर गेलो, परत बोलावणं आलं 2006 मध्ये. सीनियॉरिटी नंबर शाबूत राहिला, पण नंबरावर घर चालत नाही. सगळ्यात जड गेला तो आरोग्यविमा. कोब्रा नावाच्या कायद्याखाली नोकरी थांबल्यावरही 18 महिने तोच विमा ठेवता येतो, पण कंपनीचा वाटाही आपणच भरायचा. तुझ्या घरी बाळ येतंय, म्हणून हे आधी बघ.

दुसरं, फर्लो कंपनीलाही महाग पडतो. खालचे शंभर गेले की मोठ्या विमानावरचे लहानावर येतात, काही कॅप्टन उजव्या, म्हणजे फर्स्ट ऑफिसरच्या सीटवर येतात, आणि त्या प्रत्येकाला पुन्हा सिम्युलेटरवर प्रशिक्षण. तेवढे दिवस पगार चालू, उड्डाण बंद. युनियनची वाटाघाट समिती याच जोरावर बसलेली असते. 2020 मध्ये डेल्टाच्या पायलटांनी हमी तासांत 5 टक्क्यांपर्यंत कपात मान्य केली आणि 1,700 हून अधिक जणांचा फर्लो टळला. पण बदल्यात 2022 सुरू होईपर्यंत फर्लो नाही, हे लेखी घेतलं. तुमच्या मसुद्यात अशी तारीख आहे का? कापलेले तास परत कधी मिळणार? तारीख नसेल तर मी तुला होकार दे म्हणणार नाही.

यादीत_वरचा:
मी दुसऱ्या कंपनीत, यादीच्या वरच्या टोकाला. आमच्याकडे 2020 मध्ये असंच मतदान झालं, मी होकार दिला. माझे काही तास गेले, खालच्या पोरांची नोकरी राहिली. मला आजही तेच बरोबर वाटतं. तुमच्या कॅप्टनना नुसतं 'मदत करा' म्हणू नकोस, मसुद्यातली तारीख दाखव.

रिकॉल_झालेली:
होकार-नकार काहीही होवो, प्रशिक्षणाच्या नोंदींच्या प्रती आत्ताच काढून ठेव, नंतर सिस्टीमचं लॉगिन बंद होतं. फर्स्ट क्लास मेडिकल (पायलटचं वैद्यकीय प्रमाणपत्र) चालू ठेव. पत्ता बदलला तर कंपनी आणि युनियन दोघांना कळव. रिकॉलचं, म्हणजे परत बोलावण्याचं पत्र जुन्या पत्त्यावर गेल्यानं आमच्या बॅचच्या एकाची मुदत टळली होती.

उजवी_सीट:
मसुदा पुन्हा वाचला. फर्लो नाही असं लिहिलंय, पण कधीपर्यंत ते नाही. उद्या सकाळी युनियनच्या प्रतिनिधीला फोन करून तारीख आणि विम्याचं कलम दोन्ही विचारतो. मतदान शुक्रवारपर्यंत आहे.