मदत हवी आहे: दावा चालवणाऱ्या दादाला काय द्यावं?

नमस्कार. आम्ही गोव्यातल्या सांग्याचे. बाबा अपघातात गेले, त्याला चार वर्षं झाली. मोटार वाहन कायदा 1988, कलम 166 खालचा भरपाईचा दावा दादानेच चालवला. दर तारखेला दुकानाचं शटर खाली आणि सकाळच्या बसने मडगाव. एफआयआर, पंचनामा, बाबांच्या पगाराच्या स्लिपा, सगळं एका निळ्या पिशवीत. आता निकाल लागला. आई, दादा आणि मी, तिघांचे वाटे नावानिशी ठरलेत. दादाच्या बुडालेल्या दिवसांचा हिशेब मात्र त्यात कुठेच नाही. तो तोंडाने मागणार नाही (वहिनीचा चेहरा मागतो). आमच्या वाट्यातून द्यायचं तर टक्क्याने की दिवसाच्या हिशेबाने? साधा लेखी कागद पुरेल का? कुणाच्या घरी असं झालंय?