मरण आठवल्यावर तुमचं काय बदललं? (अनुभव धागा)

रामबागवाला
मागच्या वर्षी बाबा गेले. इंदूरच्या पंचकुइया स्मशानातून घरी आलो तर त्यांच्या फोनचा पिन कुणालाच ठाऊक नाही. विम्याचे कागद साड्यांखाली, लॉकरची किल्ली देव्हाऱ्यात. एका बँकेत सात फेऱ्या झाल्या, कारण नॉमिनी म्हणून अजून आजीचं नाव. आजी जाऊन अकरा वर्षं झालेली! तेराव्याच्या पंक्तीतसुद्धा बाबांचा राग येत होता. मग लक्षात आलं, माझंही सगळं तसंच आहे, आणि वय ४९. आपल्या घरांत हा विषय काढला की "शुभ बोल रे नाऱ्या" म्हणून गप्प करतात. इथे बोलूया. तत्त्वज्ञान नको, ते कीर्तनात ऐकतो. प्रत्यक्ष काय बदललं ते सांगा.

लोकमान्यनगरची सून
सासूबाई घरीच गेल्या, पहाटे सव्वातीनला. आठवडाभर आधी त्यांनी मला कालनिर्णयचं मागचं पान दाखवलं होतं. दूधवाल्याचा हिशेब आणि त्याखाली नेत्रपेढीचा नंबर. "रडायच्या आधी इथे फोन कर," म्हणाल्या. सहा तासांच्या आत नेत्रदान व्हावं लागतं ना! फोनवर सांगितलं तसा पंखा बंद केला, पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवला, डोक्याखाली आणखी एक उशी सरकवली. चुलत सासरे अडून बसले, "पुढच्या जन्मी आंधळी येईल." नवऱ्याने एवढंच विचारलं, "काका, मग आपण अख्खा देह जाळतो त्याचं काय?" दोन माणसं आली, वीसेक मिनिटांत काम झालं, चेहऱ्यावरून कळतही नव्हतं. त्यांना साखर होती, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, तरी चाललं.

मी भित्री बाई. गल्लीत कुणी गेलं की खिडकी लावून घ्यायचे. आता आधी जाते आणि नेत्रदानाचं विचारते. अकरा घरांत विचारलं, चार घरं 'हो' म्हणाली. एका घरातून हाकलून दिलं. बरोबरच होतं त्यांचं, मी फार लवकर तोंड उघडलं. त्या दिवशी घरात चूल पेटत नाही, म्हणून आता थर्मासमध्ये चहा नेते. कप हातात दिल्यावर मग विषय.

दोन स्टेंट
२०१९. आयसीयूत शपथा घेतल्या : पहाटे उठणार, भावाशी आठ वर्षांचा अबोला सोडणार, तबला शिकणार, सराफ्याच्या रात्रीच्या खाऊगल्लीत पाऊल टाकणार नाही. तीन महिन्यांत रात्री अकराला सराफ्यातच भुट्ट्याचा कीस खात उभा! भुलीसारखीच मरणाची भीतीही उतरते हो. तबला मात्र टिकला. गुरुजी चोवीस वर्षांचे, "काका, ठेका सुटला" म्हणून झापतात. भावाला फोन अजून केलेला नाही. लिहिताना लाज वाटतेय.

निवृत्त मास्तरीण
अहिल्याबाई मी सनांनी शिकवायचे. १७५४ला कुंभेरला नवरा गेला, १७६६ला सासरे, १७६७ला मुलगा. पोरांकडून घोकून घेतलं. माझा मुलगा गेला, त्या वर्षी तो धडा आला आणि फळ्यावर तिसरा सन लिहवेना. त्यानंतरही १७९५पर्यंत बाईंनी महेश्वरातून कारभार केला, आणि मला सकाळी उठून अंघोळ जमत नव्हती. तेव्हा सन विचारायचं सोडलं. वर्गाला विचारलं, मुलगा गेल्यावर पहिल्यांदा दरबारात बसल्या त्या दिवशी बाईंनी काय केलं असेल? मागच्या बाकावरची एक पोरगी म्हणाली, "लोक तक्रारी घेऊन आले असतील ना बाई. त्यांना आधी बसायला सांगितलं असेल."

रामबागवाला
मास्तरीणबाई, नमस्कार. काल मृत्युपत्र लिहायला बसलो. साधा कागद चालतो, साक्षीदार दोन लागतात, आणि ज्यांना काही मिळणार त्यांना साक्षीदार करायचं नाही. म्हणून शेजाऱ्याला सहीसाठी हाक मारली. तो लिंबूपाणी आणि रक्तदाबाचं मशीन घेऊनच आला. "भिया, तबियत तो ठीक है ना?"