कुर्दी बाळंतपण: मीठ, लांदिक, इस्पंद. कशाला हो म्हणायचं, कशाला नाही?

राइनकाठची_वहिनी
आम्ही जर्मनीत असतो. माझी जाऊ तुर्कस्तानातल्या दियारबकिरची कुर्द आहे, तिचे दिवस भरत आलेत. बाळंतपणाला तिची आई येतेय. त्यांच्याकडची पद्धत अशी: जन्मल्यावर बाळाला मीठ चोळायचं, लाकडी पाळण्यात (लांदिक) पट्ट्यांनी बांधायचं, कावीळ दिसली तर तोंडावर पिवळं फडकं टाकायचं, इस्पंदच्या (हरमल नावाच्या झुडपाच्या) बियांची धुरी द्यायची, बाळंतिणीच्या उशाखाली सुरी ठेवायची, चाळीस दिवस तिला एकटं सोडायचं नाही. मावशींचं मन मोडायचं नाहीये. पण ठाम नाही कुठे म्हणायचं?

नवजात_कक्ष
मिठाला. इथे मध्यममार्ग नाही. घामाला वास येऊ नये, कातडी घट्ट व्हावी म्हणून बारीक मीठ अंगभर चोळतात आणि गुंडाळून ठेवतात. ही चाल फार जुनी आहे. बायबलमध्ये यहेज्केल 16:4 मध्ये तिचा उल्लेख आहे, दुसऱ्या शतकातल्या गॅलेननेही ती सांगितली होती. पण नवजात बाळाची कातडी पातळ असते आणि वजनाच्या मानाने तिचा पसारा मोठा, त्यामुळे मीठ आत शोषलं जातं. रक्तातलं सोडियम लिटरला 135 ते 145 मिलिमोल हवं. ते खूप चढलं की बाळ आधी चिडचिडं होतं, मग मलूल पडतं, झटके येतात, मेंदूत रक्तस्रावही होऊ शकतो. शिवाय कातडी भाजल्यासारखी सोलते. मध किंवा तेलात कालवून, आंघोळीच्या पाण्यात विरघळवून, कसंच नको.

कुणी लावलंच, तर लगेच कोमट पाण्याने धुवा, अंगावरचं पाजत राहा आणि थेट दवाखाना गाठा. "मीठ लावलं होतं" हे आपणहून सांगा, नाहीतर कारण शोधण्यात वेळ जातो. घरी वरचं पाणी पाजू नका. सोडियम झटकन उतरलं तर मेंदूला सूज येते, म्हणून तिथे ते तासाला 0.5 मिलिमोलच्या आतच उतरवतात.

मावशींना आपली रीत सांगून पाहा: मीठमोहऱ्या बाळावरून ओवाळून टाकतात, अंगाला लागत नाहीत.

पिवळ्या फडक्याचं थोडक्यात. काविळीवर काम करतो तो निळा प्रकाश, साधारण 460 ते 490 नॅनोमीटरचा, आणि पिवळं कापड नेमका तोच अडवतं. तोंड झाकल्याने श्वासाचा धोका वेगळाच. पहिल्या 24 तासांत पिवळेपणा दिसला किंवा तळपायापर्यंत उतरला, तर त्याच दिवशी तपासणी. काही ठिकाणी काविळीसाठी कानामागे ब्लेडने चिरा देतात, ते अजिबात नको.

हाडवैद्य_नव्हे
लांदिक मोडीत काढू नका, बांधणी बदला. खरी चूक असते पाय सरळ ताणून एकत्र बांधण्यात. त्याने मांडीच्या हाडाचा गोळा खुब्याच्या खोबणीतून सरकतो. पट्टी छातीवर आणि हातांवरच, खाली दोन बोटं सहज जातील इतकी सैल. कंबरेखाली दुपटं ढिलं हवं, गुडघे वाकवून बेडकासारखे बाहेर पडू द्या. बाळ उताणंच, लांदिकच्या आडव्या दांडीवरून टाकलेली चादर काढून टाका. कुशीवर वळायचा प्रयत्न दिसला की बांधणं कायमचं बंद. जर्मनीत चौथ्या-पाचव्या आठवड्यातल्या ऊ-३ (U3) या ठरलेल्या बाळतपासणीत खुब्याची सोनोग्राफी होते, ती चुकवू नका.

शेपा_बडीशेप
इस्पंद म्हणजे हरमल. त्याचं बी पोटात जाता कामा नये, काढा म्हणून तर नाहीच. त्यात हरमीन, हरमलीन आणि व्हॅसिसिन असतं. व्हॅसिसिनने गर्भाशय आकुंचन पावतं. आपल्या अडुळशातही तेच असतं, म्हणून गरोदरपणी तोही टाळतात. धुरी हवीच असेल तर बाळ-बाळंतीण दुसऱ्या खोलीत असताना, खिडक्या उघडून.

दियारबकिरकडे ज्येष्ठमधाचं थंड सरबत घरोघरी पितात. गरोदरपणी ते बंद ठेवा, त्यातल्या ग्लिसिरायझिनने रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम घटतं. लोण्याबरोबर दोशाव (द्राक्षाची काकवी) बाळंतिणीला खुशाल द्या, मधुमेह असेल तर मात्र नको. बाळाच्या जिभेला काहीच लावू नका, मध तर वर्षाचं होईपर्यंत नाहीच.

राइनकाठची_वहिनी
खूप आभार. बाळाला सुरमा लावायचा आणि लंगोटात भाजलेली माती घालायची, हेही निघालंय.

नवजात_कक्ष
दोन्ही नको. सुरम्यात शिसं निघतं, तो डोळ्यातही नको आणि नाळेवरही नको. माती चाळून तव्यावर भाजली तरी धनुर्वाताचे बीजाणू मरतीलच असं नाही, त्यांना दाबाखालची 121 अंशांची वाफ लागते. नाळ कोरडी, उघडी, लंगोटाच्या वर ठेवा.

चाळीस दिवसांचा नियम मात्र जसाच्या तसा पाळा. 'आल' ही दुष्ट शक्ती एकट्या बाळंतिणीला गाठते या समजुतीने सतत कुणीतरी सोबत असतं, हे सोन्यासारखं आहे. तासाला एकाहून जास्त पॅड भिजलं किंवा 38 अंशांवर ताप गेला, तर ते सोबतच्या माणसाच्याच आधी लक्षात येतं. सुरी तेवढी उशाखालून काढून दाराच्या वर ठेवायला सांगा. आणि हेबामे (सुईण) घरी येते तेव्हा मावशींनाही शेजारी बसवा, पट्टी कशी बांधायची ते दोघींनी मिळूनच ठरवू दे.